जागृती केंद्र चालवावे कसे? (नवख्या समन्वयकांसाठी)

प्राचार्यांनी केबिनमध्ये बसवून चहा पाजला आणि "तुम्ही तरुण आहात, उत्साही आहात" असे म्हटले, म्हणजे काय घडले ते तुमच्या लक्षात आलेच असेल. महाविद्यालयाच्या पर्यावरण व शाश्वत वाहतूक जागृती केंद्राचे समन्वयकपद तुमच्या गळ्यात पडले आहे. तुम्ही तासिका तत्त्वावर असाल तर नाही म्हणायची सोय नाही. कायम असाल तर मागच्या वर्षी परीक्षा विभागातून अंग काढून घेतल्याची ही वसुली आहे. वाईट वाटून घेऊ नका. पुण्यासारख्या शहरात हे काम अवघड नाही, फक्त पद्धतशीर करावे लागते.

केंद्र कशासाठी असते, हे आधी समजून घ्या. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये एम. सी. मेहता खटल्यात पर्यावरण हा विषय सक्तीने शिकवा म्हणून सांगितले. बारा वर्षे गेल्यावर पुन्हा बजावले, तेव्हा यूजीसीने पदवीच्या मुलांसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आखला. १०० पैकी २५ गुण क्षेत्रकार्याला, म्हणजे नदी, टेकडी, एखादी प्रदूषित जागा डोळ्यांनी पाहून यायचे. ही झाली इतिहासाची बाजू. व्यवहाराची बाजू अशी की 'नॅक'च्या सातव्या निकषात आवारात वाहनांना मर्यादित प्रवेश, सायकली किंवा बॅटरीवरची वाहने, पायी चालणाऱ्यांसाठी सोयीच्या वाटा, प्लास्टिकबंदी अशी कलमे आहेत आणि प्रत्येक कलमापुढे पुरावा जोडायचा असतो. कलम आणि पुरावा यांच्यामध्ये जी मोकळी जागा उरते, ते तुमचे केंद्र.

आता कामाला लागा.

१. नाव ठेवा

नाव इंग्रजी आद्याक्षरांचे असावे आणि ती अक्षरे जोडली की संस्कृत शब्द व्हावा. आधी शब्द पक्का करा, मग अक्षरांना अर्थ शोधा. मराठीच्या सरांचा सल्ला घेऊ नका. ते नाव सुचवून थांबत नाहीत, फलकावरचे शुद्धलेखनही तपासतात.

२. जागा मिळवा

जिन्याखालची खोली मिळेल. तिथे सध्या मोडके बाक आणि निवडणुकीच्या कामाचे गठ्ठे असतात, ते तसेच राहू द्या. दारावर पाटी लावा. कुलूप लावा. किल्ली तुमच्याकडे ठेवा आणि दुसरी हरवू द्या.

३. उद्घाटन करा

दीपप्रज्वलन जुने झाले, आता रोपाला पाणी घालून उद्घाटन करतात. कुंडी प्राचार्यांच्या केबिनबाहेरची आणा आणि कार्यक्रम संपला की परत नेऊन ठेवा. मागची समई मात्र तेल-वात घालून तयार असू द्या. संस्थेचे कार्यवाह ऐनवेळी विचारतातच.

पाहुणे वाहतुकीच्या कोंडीमुळे पाऊण तास उशिरा येतील आणि भाषणाची सुरुवात त्याच वाक्याने करतील. हसा. विद्यापीठ चौकातून आले असतील तर थोडे जास्त हसा, कारण तिथली कोंडी सोडवायला बांधलेले पूल २०२० मध्ये पाडून पुन्हा पूल बांधावे लागले, हे ते सविस्तर सांगणार आहेत. पाहुण्यांना आणायला महाविद्यालयाची गाडी पाठवायची असते. ती आणायला रिकामी जाते आणि सोडून रिकामी येते. या दोन रिकाम्या खेपांचा अहवालात उल्लेख करण्याची प्रथा नाही.

पाहुण्यांसाठी भाषणाचे मुद्दे तुम्हीच काढून द्या. एक, पुणे हे एकेकाळी सायकलींचे शहर होते. दोन, देशातली पहिली बीआरटी डिसेंबर २००६ मध्ये पुण्यात कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर धावली. 'देशातली पहिली' म्हटले की टाळ्या पडतात, आणि टाळ्यांच्या आवाजात तिचे पुढे काय झाले हे कोणी विचारत नाही. तीन, २००६ च्याच राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात रस्त्याची जागा वाटताना वाहनांपेक्षा माणसांचा विचार व्हावा असे म्हटले आहे. हे वाक्य पाहुण्यांनी सावकाश वाचावे, म्हणजे तेवढ्या वेळात त्यांच्या ड्रायव्हरला फुटपाथवरून गाडी काढता येते.

४. दिवस पाळा

पर्यावरणाचे दिवस ठरवणाऱ्यांना आपले शैक्षणिक वेळापत्रक पाठ असावे. २२ एप्रिलला वसुंधरा दिन, तेव्हा मुले परीक्षेत असतात. ५ जूनला जागतिक पर्यावरण दिन, तेव्हा मुले घरी असतात. आवारात चिटपाखरू नसते, पण हजेरीपत्रक भरते. १६ सप्टेंबरच्या ओझोन दिनाला गणपतीची धामधूम असू शकते. ११ डिसेंबरला पादचारी दिन: महापालिकेने २०२१ पासून या दिवशी लक्ष्मी रस्ता वाहनांना बंद ठेवायला सुरुवात केली. मुलांना तिथे न्यायचे असेल तर आधी सांगून ठेवा, की रस्त्याच्या मधोमध चालायची मुभा त्याच दिवसापुरती आहे. एकदा सवय लागली की पोरे दुसऱ्या दिवशीही मागतात.

खरा कस लागतो तो २२ सप्टेंबरच्या कारमुक्त दिनाला. २०२४ मध्ये तो रविवारी आला होता, आणि अशा वर्षी शंभर टक्के यश हमखास. इतर वर्षी मात्र पूर्वतयारी हवी. आदल्या दिवशी परिपत्रक काढा: 'उद्या सर्वांनी शक्यतो सार्वजनिक वाहतुकीचा वापर करावा.' यातला 'शक्यतो' हा शब्द सही होण्यापूर्वी कोणी खोडणार नाही याची काळजी घ्या. त्या दिवशी सर्व सहकारी आपल्या गाड्या मागच्या गल्लीत लावतील. गल्लीतली सोसायटी तक्रार करील. सोसायटीच्या अध्यक्षांना पुढच्या वर्षी पाहुणे म्हणून बोलवा.

रिकाम्या पार्किंगचा फोटो सकाळी सातच्या आधी काढा.

५. सायकल चालवा

वर्षातून एकदा.

काही महाविद्यालये स्वच्छ हवेसाठी मोटारसायकल रॅली काढतात. तुम्ही तसे करू नका, वर्तमानपत्रातला एखादा खवचट माणूस टपलेला असतो. सायकल रॅलीच काढा. सायकली भाड्याने मिळतात आणि टेम्पोतून येतात. टेम्पो झेंडा दाखवण्याच्या जागेपासून दोन वळणे अलीकडे रिकामा करा. प्राचार्यांच्या सायकलची सीट खाली करून ठेवा. ब्रेक तपासले नाहीत तरी चालेल, कारण ते पाय जमिनीवरून उचलणार नाहीत. हवा मात्र भरा, फोटोत चपटे चाक दिसते.

मार्ग दीड किलोमीटरपेक्षा मोठा नको आणि वाटेत सायकल ट्रॅक तर मुळीच नको. महापालिकेने २०१७ मध्ये सर्वंकष सायकल आराखडा केला, त्याच वर्षी डिसेंबरात विद्यापीठाच्या आवारात आणि औंधात भाड्याच्या सायकली आल्या आणि थोड्या वर्षांत आल्या तशा गेल्या. ट्रॅक मात्र अजून जागोजागी आहेत. त्यावर रसवंती, कुल्फीची गाडी, केबलवाल्यांचे गुंडाळे आणि शिस्तीत लावलेल्या दुचाक्या असतात. त्यातून ऐंशी मुले रांगेत काढायला तुम्हाला एनसीसीची मदत लागेल.

रॅलीत भाग घेतलेल्या मुलांनी घरी कसे जायचे, हा केंद्राच्या कार्यकक्षेतला प्रश्न नाही. बहुतेकांची ॲक्टिव्हा पार्किंगमध्ये उभी असते.

६. सर्वेक्षण करा, गुणाकार करू नका

सर्वेक्षणाशिवाय केंद्राला शास्त्रीय वजन येत नाही. गुगल फॉर्म करा आणि प्रश्न असे घाला, की उत्तर चुकायलाच नको. 'पर्यावरण वाचवणे महत्त्वाचे आहे, असे तुम्हाला वाटते का?' हा चांगला प्रश्न. 'तुम्ही आज महाविद्यालयात कशाने आलात?' हा वाईट प्रश्न. 'बसने येत नसाल तर का येत नाही?' हा तर विषय सोडून झाला.

मुलांना आकडे जरूर सांगा. एक लिटर पेट्रोल जळले की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो, हे ऐकून वर्गात कुजबुज होते, कारण लिटरभर पेट्रोलचे वजन पाऊण किलोच असते. उरलेले वजन हवेतल्या ऑक्सिजनचे, हे रसायनशास्त्राच्या मॅडमना समजावून सांगू द्या. तिथेच थांबा. पुढे कोणी तरी वही काढते: दहा किलोमीटर येणे, दहा जाणे, पन्नासचे ॲव्हरेज, म्हणजे दिवसाला ०.४ लिटर. त्याला २.३ ने गुणले की माणशी ९०० ग्रॅमच्या वर. पार्किंगमध्ये हजार गाड्या धरल्या तर रोजचे नऊशे किलो आपण जागृतीच्या दारात आणून ओततो. एवढा हिशेब फळ्यावर लिहिला गेला, तर 'गणित हा या केंद्राचा विषय नाही' असे ठामपणे सांगा आणि फळा पुसा.

हवेतल्या सूक्ष्म कणांची स्लाइड दाखवणार असाल तर पीएम २.५ साठी आपले वार्षिक मानक ४० मायक्रोग्रॅम आहे, तेवढेच दाखवा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये आपली मर्यादा ५ वर आणली. ती दाखवली तर मुले घाबरतात आणि चहाची वेळ निघून जाते.

७. आवाराबाहेर पडा

याला विस्तार कार्य म्हणतात. आपल्याला जे करायचे नाही, ते जे आधीपासून करत आहेत त्यांना समजावून सांगणे, एवढेच त्यात असते. म्हणून श्रोते निवडताना चोखंदळ राहा. गाड्यांच्या शोरूममध्ये किंवा नव्या टॉवरच्या सोसायटीत जाऊ नका. महापालिकेची शाळा गाठा.

वीस स्वयंसेवक आणि दोन प्राध्यापक यांच्यासाठी एक टेम्पो ट्रॅव्हलर आणि एक मोटार पुरते. शाळेत पोचल्यावर पहिला प्रश्न विचारा, "मुलांनो, शाळेत कसे येता?" सगळा वर्ग एका सुरात सांगेल, "चालत!" मग प्रोजेक्टर लावा आणि त्यांना चालण्याचे फायदे सांगा. पुढच्या बाकावरचा एखादा विचारतो, "सर, तुम्ही कशात आलात?" त्याला चित्रकला स्पर्धेत पहिला नंबर द्या आणि बक्षीस म्हणून ट्रॅव्हलरमधून मैदानाला एक चक्कर मारून आणा. पुढे वर्षभर मुलांना कार्यक्रमातला तेवढाच भाग आठवतो.

याहून मोठे काम म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेचे दत्तक गावातले सात दिवसांचे शिबिर. तिथे 'सार्वजनिक वाहतूक व पर्यावरण' असे व्याख्यान मारुतीच्या देवळासमोर ठेवा. १ जून १९४८ रोजी पहिली एसटी पुणे ते अहमदनगर धावली, ही माहिती सुरुवातीला द्या. म्हातारी माणसे खूश होतात, त्यातली दोघे-तिघे त्या काळच्या तिकिटाचा दर सांगतात. मग खासगी वाहनांनी हवेचे काय होते ते सांगा. इथवर सगळे नीट चालते.

यानंतर बायकांच्या बाजूने कोणी तरी उठते.

"सर, ते कार्बनचं आमी बघू. सकाळची गाडी कवा चालू व्हनार?"

अशा वेळी गडबडू नका. "कोणती गाडी?" असे विचारू तर मुळीच नका, कारण मग सगळे सांगतात. मुक्कामी एसटी होती, ती बंद झाली. आता पहिली गाडी येते ती शाळा भरल्यावर. सातवीनंतरच्या मुली तालुक्याला वडापने जातात, जीप भरल्याशिवाय हलत नाही, आणि मागे लटकून जाणाऱ्या पोरांत मुलींना जागा कुठली. एसटीत बायकांना अर्धे तिकीट आहे, २०२३ पासून आहे, पण गाडीच नाही तर अर्धे तिकीट कुठे दाखवणार? दोन मुलींची शाळा त्यामुळे सुटली, त्यांची नावेही ती बाई सांगते. मुली तिथेच बसलेल्या असतात.

तुम्ही एवढेच म्हणा, "तुमच्या भावना आम्ही वरपर्यंत पोचवू." वर म्हणजे कुठे, हे गावात कोणी विचारत नाही, त्यांना अनुभव असतो. आगार व्यवस्थापकाला एका पानाचे पत्र, खाली सरपंचांची सही आणि मुलींची यादी, हे खरे तर स्वयंसेवकांपैकी कोणीही अर्ध्या तासात लिहील. लिहू देऊ नका. पत्र गेले तर उत्तर येते, उत्तर आले तर पुन्हा जावे लागते, आणि शिबिर सातच दिवसांचे असते. त्याऐवजी त्या बाईंना रोप भेट द्या. रोपासह फोटो घ्या.

८. एका विद्यार्थिनीपासून सावध राहा

मी गमतीने म्हणत नाही. प्रत्येक तुकडीत अशी एक असतेच. ती बसने येते. क्षेत्रकार्याच्या २५ गुणांसाठी बाकीची मुले मुठेवर जाऊन जलपर्णीचे फोटो काढतात, आणि ही 'आपल्या महाविद्यालयात बसने येताना' असा विषय घेते. तुम्ही 'छान' म्हणून सही करता, कारण शीर्षक निरुपद्रवी दिसते.

पंधरा दिवसांनी ती नकाशा घेऊन येते. हाताने काढलेला, पण अंतरे पावलांनी मोजलेली. पीएमपीचा थांबा आपल्या मागच्या फाटकासमोरच आहे. मागचे फाटक बंद असते, म्हणून मुले थांब्यावर उतरून सगळ्या आवाराला वळसा घालतात. त्या वाटेवर फुटपाथ आहे, पण त्यावर आपल्याच महाविद्यालयाचा प्रवेशाचा फलक रोवला आहे, म्हणून मुली तिथे रस्त्यावर उतरतात. पहिला तास साडेसातला, बस येते सात चाळीसला. बसने येणाऱ्या मुलांना पहिल्या तासाला 'उशिरा' शेरा मिळतो आणि हजेरी भरावी म्हणून ती दुसऱ्या सत्रात हप्त्याने गाडी घेतात. तिने अशा मुलांची यादी जोडलेली असते.

शेवटच्या पानावर तीन मागण्या. मागचे फाटक सकाळी तासभर उघडा. पहिला तास वीस मिनिटे पुढे ढकला. फलक हलवा.

यातला धोका नवख्याच्या लक्षात येत नाही. तिन्ही गोष्टींना एक पैसा लागत नाही. पैसा लागत नाही म्हणजे बिल नाही, बिल नाही म्हणजे खर्चाचे विवरण नाही, आणि पाहुणे, फलक, अल्पोपाहार यांतले काहीच नाही. फाटक उघडल्याचा कार्यक्रम कसा करणार? त्यात फाटक एकदा उघडले की ते रोज उघडावे लागते.

उपाय टप्प्याटप्प्याने करा. आधी तिचे सर्वांसमोर कौतुक करा. मग तिला विद्यार्थी समन्वयक नेमा, बिल्ला द्या आणि घोषवाक्य स्पर्धेचे परीक्षण तिच्यावर टाका. अहवाल उपप्राचार्यांकडे पाठवा. ते सुरक्षेचे कारण सांगतील, 'मागून बाहेरची मुले आत येतात.' (पुढच्या फाटकातून कोण येते, याचा अभ्यास झालेला नाही.) वेळापत्रकाचा विषय वेळापत्रक समितीकडे जाईल आणि समितीची बैठक गणसंख्येअभावी पुढे जाईल. एवढ्यात मार्च उजाडतो. तिची परीक्षा येते. तिला २५ पैकी २४ द्या. एक गुण कापून ठेवा, म्हणजे संशय येत नाही.

क्वचित असेही होते, की ती तुम्हाला न विचारता वॉचमनकाकांशी बोलते आणि काका सकाळी सात ते आठ गुपचूप फाटक उघडून ठेवतात. तसे झाले तर केंद्राच्या उपक्रमांत ते आवर्जून नोंदवा, पण काकांचे नाव घालू नका.

९. पुरावा ठेवा

फोटो नुसता चालत नाही, जिओ-टॅग लागतो. फोनमध्ये ते ॲप घाला: खाली काळ्या पट्टीत ठिकाणाचे नाव, अक्षांश, रेखांश, तारीख, वेळ, कोपऱ्यात टिकलीएवढा नकाशा. या पट्टीने कित्येक कार्यक्रम वाचवले आहेत आणि काही बुडवलेही आहेत, कारण वर 'वृक्षदिंडी' आणि खाली रात्रीचे ९.४२ असे छापून आले की खुलासा अवघड जातो. फोटोत फ्लेक्स वाचता आला पाहिजे. 'प्लास्टिकमुक्त परिसर' हा फ्लेक्स जपून गुंडाळून ठेवा, तो पीव्हीसीचा असल्याने वर्षानुवर्षे खराब होत नाही. तारखेच्या जागी कागद चिकटवा.

सगळे फोटो, हजेरीपत्रके आणि अभिप्राय एका फाइलीत लावा, तिच्या तीन रंगीत प्रती काढा आणि पहिल्या पानावर 'कागद वाचवा' लिहा.

पाहणीच्या दिवशी समिती येते. बॅटरीवरची गाडी भाड्याने आणलेली असेल तर आदल्या रात्री चार्जिंगला लावायला विसरू नका. फिरणे, सादरीकरण, जेवण, सगळे रीतसर होईल. निघताना मात्र समितीतल्या एखाद्या सदस्यांना हुक्की येते, "गाडी नको, मी मेट्रोनेच जाईन म्हणतो. इथून स्टेशन कुठल्या बाजूला?" केंद्रातले सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहतील. शांत राहा. शिपायाला बोलवा, तो रोज तसाच येतो. आणि तो "साहेब, मागच्या फाटकातून बाहेर पडलं की..." असे सांगू लागला, की त्याला मध्येच थांबवून ड्रायव्हरला हाक मारा.